पंचेचाळीसच्या वर

माझ्या नवऱ्याला नाडी नाही. मनगट धरून बसा, मान चाचपा, काही लागायचं नाही. छातीला कान लावला तर आत सतत बारीक घरघर ऐकू येते, शेजारच्या खोलीत मिक्सर चालू असल्यासारखी. हृदयाला जोडलेला अंगठ्याएवढा पंप रक्ताला ठोके देत नाही, एकसारखं पुढं ढकलत राहतो. त्याची वायर पोटातून बाहेर येऊन कमरेच्या पट्ट्यावरच्या डबीत जाते, आणि त्या डबीला असते साबणाच्या वडीएवढी लिथियमची बॅटरी. ती संपली की पंप थांबतो. पंप थांबला तर त्यांचं स्वतःचं हृदय थोडा वेळ तग धरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. थोडा म्हणजे किती, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

विलास उमक यांनी दर्यापूर आगारात एस.टी. चालवण्यात उमेदीची सगळी वर्षं घालवली. विदर्भातला एकही फाटा असा नसेल जिथं त्यांनी चहा प्यालेला नाही. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून लग्नापासून ते मला मॅडम म्हणतात. आधी भीतीनं म्हणायचे, पुढं चिडवायला म्हणू लागले. असा हा पायाला भिंगरी असलेला माणूस पंप बसल्यापासून तीन वर्षं घराच्या उंबऱ्याशी अडकून पडला होता. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा जास्त मी अडकले होते, कारण ती बॅटरी भरायची मी.

बॅटरी भरणं म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पूर्वी नव्हतंच. पण उन्हाळे पन्नाशीला टेकू लागले तशी विजेची तऱ्हा बिघडली. ट्रान्सफॉर्मर जळायचे, वीज आली की उसळून यायची, आणि स्वस्तातल्या चार्जरवर लावलेल्या बॅटऱ्यांनी घरं पेटली. तेव्हा सरकारनं नियम केला की शरीरातल्या यंत्राची बॅटरी घरच्या विजेवर भरायची नाही. कंपनीनं दिलेल्या सीलबंद सौर पेटीतच भरायची. त्या पेटीच्या झाकणावर पाटाएवढं पॅनल असतं, आत चार्जर, आणि खालून बॅटऱ्या खोचायचे दोन खण.

यामागचं विज्ञान चुकीचं नाही. मी वर्गात शिकवलंय. लिथियमची बॅटरी मोठी मानी असते. तिला आधी ठरलेला प्रवाह द्यायचा, व्होल्टेज एका मर्यादेपर्यंत चढलं की ते तिथंच धरून ठेवायचं आणि प्रवाह आपोआप मंद होऊ द्यायचा. मर्यादेच्या किंचित वर गेलात तरी ती बिघडते. उलट सौर पॅनल लहरी. ढग आला की त्याचा दम जातो, आणि झेपेल त्याहून जास्त वीज मागितली की व्होल्टेज कोसळतं. म्हणून दोघांमध्ये शहाणा चार्जर लागतो, जो पॅनलकडून झेपेल तेवढंच मागतो आणि बॅटरीला सोसेल तेवढंच देतो. शिवाय बॅटरी पंचेचाळीस अंशांच्या वर तापलेली असताना भरायची नाही. तापलेल्या बॅटरीत वीज ढकलली की आतली रसायनं नको ते उद्योग करतात, वायू धरतो, ती फुगते आणि कधी कधी पेटते. हे टाळायला बॅटरीच्या तळाशी तापमान मोजणारा एक ठिपका असतो. पंचेचाळीस ओलांडले की लाल दिवा लागतो आणि चार्जिंग बंद होतं.

आता गंमत पाहा. ही पेटी ज्या शहाण्यानं बनवली, त्यानं बॅटरी नेमकी पॅनलच्या पाठीला ठेवली. तो बिचारा गार हवेच्या गावात, गार ऑफिसात बसला असणार. आमच्याकडं एप्रिलमध्ये सकाळचे साडेआठ वाजले की पेटीचं पोट पंचेचाळीसच्या वर जातं, ते सूर्य बुडाल्यावरच उतरतं. म्हणजे ऊन आहे तर बॅटरी भरायला बंदी, आणि बंदी उठते तेव्हा ऊन नाही. उरतात ते सूर्योदयानंतरचे कोवळे दोन-अडीच तास. तेवढ्यात दोन बॅटऱ्या भरायच्या, एक दिवसाची, एक रात्रीची. त्या भरेपर्यंत पट्ट्यावर तिसरी.

त्यात ऊनबंदी. साडेनऊपासून सूर्यास्तापर्यंत रस्त्यावर माणूस नाही की वाहन नाही. गाड्या धावायच्या त्या पहाटे नाहीतर रात्री. पहाटेची गाडी धरावी तर चार्जिंग हुकतं, रात्रीच्या गाडीनं निघावं तर पहाटे परत पेटीपुढं हजर पाहिजे. दुसरी पेटी कंपनी देत नाही आणि पहिली गच्चीच्या कठड्याला बोल्टनं जखडलेली. त्यामुळं आम्ही दोघं कुठंच जात नव्हतो. भाच्याचं लग्न फोनवर पाहिलं. माझी आई गेली तेव्हा मी एकटीच गेले, तिसऱ्या दिवशी परतले, तर शेजारणीवर सोपवलेल्या बॅटऱ्या अर्ध्याच भरलेल्या. पुन्हा घर सोडायचं नाव काढलं नाही.

आणि आता प्रणालीचे, आमच्या लेकीचे, दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पोटुशा बाईला या भट्टीत आणायची कुणाची हिंमत? ती नाशिकला होती. फोनवर ती रडली नाही, नुसतं म्हणाली, "आई, तू येशील ना?" त्या नुसत्या विचारण्यानंच मला झोप येईना.

"जाय ना मग," विलासराव म्हणाले. "मी का लहान पोरगं हाये? मी भरीन माह्या बॅटऱ्या."

"तुम्ही? तुमाले चहा उतू जाते ते समजत नाही."

"तुनं कधी हात लावू देल्ला का त्या पेटीले? एक दिवस पाह्य तं खरं. नाई जमलं तं नको जाऊ."

बोलणं रास्त होतं. गुरुवारी पहाटेची अकोल्याची गाडी धरायची, तिथल्या सावलीघरात दिवस काढून रात्रीच्या गाडीनं नाशिक गाठायचं, असं ठरलं. बुधवारी त्यांची परीक्षा. सकाळी मी भरलेली बॅटरी त्यांच्या पट्ट्याला लावली, उरलेल्या दोन रिकाम्या त्यांच्या हातात दिल्या आणि मुद्दाम गच्चीकडं फिरकले नाही. डिंकाचे लाडू बांधले, बॅग भरली. लेकीकडं जायच्या आनंदात होते. दहाच्या सुमाराला जिन्यात वास आला, नेलपॉलिशसारखा गोडसर.

गच्चीवर गेले. पेटीच्या खालून दोन बॅटऱ्यांची बुडं बाहेर आलेली, आणि त्या बुडांना पोत्याच्या ओल्या चिंध्या गुंडाळलेल्या. दिवा हिरवा. पहिल्या खणाचा पत्रा मात्र आतून रेटल्यासारखा फुगलेला.

मी खटका ओढून चार्जिंग तोडलं, सांडशीनं बॅटरी ओढून काढली. ती पुरीसारखी टम्म झाली होती. शेजारच्या बांधकामाची रेती बादलीत होती, तीत ती पुरली आणि बादली टाकीच्या आडोशाला सारून खाली पळाले.

विलासराव खाटेवर बसले होते. माझं तोंड पाहूनच समजले.

"मले उशीर झाला चढवाले," ते म्हणाले. "साडेआठले लाल दिवा लागला. म्हटलं, आता तू जाणार नाई. आमच्या गाडीचं इंजिन तापलं का आमी ओलं पोतं टाकत होतो. तेच केलं. दिवा हिरवा झाला बाप्पा. मले वाटलं जमलं."

दिवा हिरवा होणारच. तापमान मोजणारा ठिपका बॅटरीच्या बुडाशी, आणि नेमकं तेवढंच पेटीबाहेर आलेलं. आमची हवा इतकी कोरडी की ओल्या चिंधीवरचं पाणी भराभर उडतं आणि चिंधी गार पडते. ठिपक्याला गारवा लागला, त्यानं कळवलं सगळं ठीक आहे. वर पेटीच्या पोटात बॅटरी साठ अंशांत शिजत होती, आणि चार्जर बेधडक वीज ढकलत होता.

मी हिशेब मांडला. पेटी एका वेळी एकच बॅटरी भरते, त्यामुळं दुसरी कोरीच राहिली होती. चांगली, पण रिकामी. पट्ट्यावरची सूर्यास्ताच्या आसपास संपणार. रिकामी भरायची तर पेटी थंड व्हायला हवी, आणि पेटी थंड होणार सूर्य बुडाल्यावर.

कंपनीला फोन लावला. पोरगा गोड बोलत होता.

"मॅडम, आपली अडचण मी समजू शकतो. नवीन बॅटरी घेऊन आमची गाडी नागपूरहून सूर्यास्ताला निघेल. अकरापर्यंत आपल्याकडे पोचेल."

"यांची बॅटरी सहालाच संपते."

"ऊनबंदीत गाडी काढायची परवानगी नसते, मॅडम. आपण पेशंटना शांत झोपवून ठेवा. आणि कृपया पेटी उघडू नका. सील तुटलं की करार आपोआप रद्द होतो. पुढची सेवा मिळत नाही."

"रुग्णालयात ही बॅटरी मिळेल?"

"ती फक्त आमच्याकडेच असते, मॅडम."

फोन ठेवला. वीज आदल्या दिवसापासूनच गेलेली, कूलर गप्प. दारं-खिडक्या बंद, बाहेर पांढरा जाळ. आवाज म्हणावा तर एकच, त्यांच्या छातीतली घरघर, आणि ती माझ्या डोक्यात फिरायला लागली.

"मॅडम," ते म्हणाले, "एक आयकतं का? तू नको धावपळ करू. संध्याकाळी बंद पडलो तं पडलो. तू तं सुटशीन. उद्याची गाडी आहेच."

मला असा संताप आला की हातातला लाडवांचा डबा मी खाली आपटला.

"आईका आता तुमी," मी म्हटलं. घरी चिडले की माझीही भाषा त्यांचीच होते. "मले कंटाळा आला तुमचा. तीन वर्षं झाले, पहाटंपासून त्या पेटीसमोर उभी राहून राहून मी इटून गेली. कधी कधी वाटते, हा माणूस कोणाच्या तरी हवाली करावा आन् निघून जावं. पन तुमी मरावं, असं मले एक दिवस बी वाटलं नाही. हे दोन्ही खरं हाये. आता उठा, आन् पाना कुठी हाये ते सांगा."

ते खाटेवरून उठले. मग म्हणाले, "खाटेखाली. पत्र्याच्या पेटीत."

मला अखेर इतकी साधी गोष्ट सुचली होती की तीन वर्षं ती न सुचल्याची लाज वाटली. ऊन पॅनलला लागतं, बॅटरीला नाही. दोघांनी एका घरात नांदलंच पाहिजे, हा हट्ट कंपनीचा. पॅनल गच्चीवर तापू दे, बॅटरी खाली गारव्यात ठेवू. मध्ये वायर.

अंगावर ओली चादर घेऊन मी वर गेले. विलासराव जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, दाराच्या आत बसले आणि तिथून सांगत राहिले. आधी मी पॅनलवर सतरंजी टाकली, कारण पॅनलला बटण नसतं. ऊन आहे तोवर त्याच्या तारांत वीज आहे. बोल्ट हाताला चटके देत होते. पान्याला कापड गुंडाळलं तरी तळवा भाजला.

"उलटा फिरवून राहिली तू. डाव्या हाताकडं."

"डाव्याच हाताकडं फिरवते."

"मंग जोर लाव. एस.टी.चं चाक असतं तं काय केलं असतं?"

सील तुटलं तेव्हा बारीक टक् आवाज झाला. खिशातला फोन तेव्हाच वाजला. करार रद्द झाल्याचं कळवत होता, आणि संध्याकाळची गाडीही येणार नसल्याचं. आता माघार नव्हती. मी झाकण, म्हणजे पॅनल, सुटं केलं, आतला चार्जर खणांसकट उचलला आणि खाली आले. मला उलटी झाली. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं, डोक्यावर ओला रुमाल ठेवला.

कूलरची लांब केबल कापली. एक टोक पॅनलला, दुसरं चार्जरला. लाल लालला, काळी काळीला. उलट लागलं तर चार्जर तिथंच मेला असता, म्हणून दोघांनी दोनदा तपासलं. चार्जर बॅटरीजवळच ठेवायचा, कारण लांब तारेत थोडं व्होल्टेज सांडतं. ते पॅनलच्या बाजूला सांडलं तर चालतं. बॅटरीच्या बाजूला सांडलं तर चार्जरचा अंदाज चुकतो.

राहिला गारवा. घरात त्रेचाळीस अंश होते, आणि बॅटरी भरताना स्वतःही थोडी तापते.

"माठाखालची रेती," विलासराव म्हणाले.

स्वयंपाकघरातला माठ घमेल्यातल्या ओल्या रेतीवर बसतो. मी माठ हलवला. लाडू काढून स्टीलचा डबा कोरडा पुसला, त्यात बॅटरी आणि चार्जर ठेवले आणि डबा गळ्यापर्यंत रेतीत रोवला. बाहेरून ओल, आत टिपूस नाही. वरून कोरडं फडकं.

"सगळ्या अंगाले गारवा पायजे," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मी पोतं इंजिनावर टाकलंच नाई. मीटरवर टाकलं."

मी पुन्हा वर जाऊन सतरंजी ओढली. खाली आले तर दिवा लालच. आम्ही दोघं जमिनीवर घमेल्याशी बसलो. ते वाटीनं रेतीवर पाणी शिंपडत होते, मी पुठ्ठ्यानं वारा घालत होते. लाल दिव्याकडं पाहून डोळे दुखायला लागले. मला वाटलं, आपण चुकलो. करारही गेला, माणूसही जाणार. प्रणालीला काय सांगायचं, त्याचे शब्द मी मनात जुळवायला लागले होते.

मग दिवा हिरवा झाला.

हिरवा झाला म्हणून काही जिंकलो नव्हतो. तापलेलं पॅनल कमी वीज देतं, आणि ऊन शेजारच्या इमारतीमागं जाईपर्यंतच आमचं. चारच्या पुढं त्यांच्या पट्ट्यावरचा, बॅटरी संपत आल्याचा भोंगा वाजायला लागला. एकेक टी टी ऐकताना मी दात आवळून बसले. ते मात्र पाणी शिंपडत राहिले, जरा जास्त झालं की थांबून मला विचारत, "आता?" सावली पॅनलवर सरकली तेव्हा डब्यातली बॅटरी जवळजवळ भरत आली होती. अदलाबदल केली. भोंगा थांबला. त्यांनी डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं, आणि मी त्यांच्या छातीवर कान ठेवून रडले.

पहाटेपर्यंत ती पुरली. उजाडायच्या आधी मी पॅनल आणायला गच्चीवर गेले. आता आमच्याकडं दोनच बॅटऱ्या होत्या, एक पार रिकामी, दुसरी तळाला गेलेली. बॅटरीचं आयुष्य फार तर दोन वर्षं. पुढं कोण देणार, ठाऊक नाही. हे सगळं मनात घोळत असताना मी कठड्याला टेकलेलं पॅनल उचललं, काखेत धरलं, आणि जिन्यात थबकले. ते माझ्या काखेत होतं. हलकं होतं. त्याला आता बोल्ट नव्हते.

विलासराव चहा गाळत होते.

"तू जाय," ते म्हणाले. "मी करीन सगळं. आता समजलं मले."

"चपला घाला," मी म्हटलं.

"काहून?"

"गाडीले उशीर होईन."

त्यांना समजायला जरा वेळ लागला. मग गाळणी तशीच हातात घेऊन ते म्हणाले, "आन् वाटेत काई झालं तं?"

"घरी झालं नाही का?"

गाडीत त्यांना डाव्या अंगाची खिडकी दिली, सूर्य त्या बाजूला येणार होता. काचेला लावून त्यांनी पॅनल दोन्ही हातांनी धरलं. वायर माझ्याकडं आली. माझ्या मांडीवर ओल्या टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा, त्यात रिकामी बॅटरी. टॉवेल सरकू द्यायचा नाही, ओल आत जाऊ द्यायची नाही, दिव्यावरची नजर काढायची नाही. सुटले वगैरे काही नव्हते मी. अकोल्यापर्यंत खाज आली तरी हात हलवायची सोय नव्हती.

गावाबाहेर सूर्य वर आला आणि दिवा हिरवा झाला. वळणावर विलासरावांचा डावा पाय आपोआप दाबला गेला, या गाडीला क्लच नसतो हे विसरून. तीन वर्षांत त्यांनी पाहिलेला नव्हता तो रस्ता ते तोंडातल्या तोंडात वाचत होते, हा फाटा, तो पूल, इथं टायर फुटलं होतं. माझे डोळे भरून आले. हात डब्यावर होते, त्यामुळं पुसता आले नाहीत.